कॅशमध्ये तीन ऐंशी, बिल पाहिजे तर वर अठरा टक्के

खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मोबाईलमध्ये त्यांच्या बाथरूमच्या स्लॅबचा फोटो घेऊन आल्या, पिवळा डाग आणि त्याच्याभोवती पोपडे. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा फोटोबिटो काही नाही, म्हणाल्या चल खाली आणि स्वतःच बघ. तिसऱ्यांदा काकू आल्याच नाहीत, डायरेक्ट सोसायटीचं पत्र आलं. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेची, २००३ सालची, आणि बाथरूमला त्यानंतर कोणी हात लावलेला नाही, त्यामुळे चूक कोणाची वगैरे वाद घालण्यात काही अर्थच नव्हता. दोन्ही बाथरूम फोडायची, पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग करायचं, टाइल्स नवीन. आणि मग सासूबाई म्हणाल्या की आता फोडतोच आहोत तर ओट्याचंही बघून घेऊ. ज्यांनी कधी घराचं काम काढलंय त्यांना "आता फोडतोच आहोत तर" या वाक्याची किंमत माहीत असेल.

तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेले. एकाने टेप काढलीच नाही, नुसत्या नजरेने आकडा सांगितला, त्याला तिथेच नमस्कार केला. दुसरा परत फिरकला नाही. तिसरे दादा बरे वाटले, शेजारच्या विंगमध्ये दोन कामं केलेली, ती जाऊन बघितली, ठीक होती. त्यांचं एस्टिमेट आलं ३ लाख ८० हजार, मटेरियलसकट. आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम हा कॅशचा रेट आहे हां. बिल पाहिजे असेल तर वर अठरा टक्के."

अठरा टक्के जीएसटी म्हणजे ६८,४०० रुपये. मी मोबाईलवर दोनदा करून बघितलं.

नवऱ्याच्या डोक्यात तोपर्यंत वेगळंच चक्र चालू झालं होतं. त्याच्याकडे एक क्रेडिट कार्ड आहे ज्याच्या पॉइंट्सवर त्याचं फार प्रेम आहे, त्याने विचारलं, "कार्ड चालेल का?" दादा हसले. "साहेब, मी काय मॉल आहे का?" मग थोडं थांबून म्हणाले की तसं माझ्या मेहुण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे कल्याणला, त्याच्याकडे मशीन आहे, तिथे स्वाइप करा, दोन टक्के जास्त लागतील बस.

तर हा सगळा घोळ तिथून सुरू झाला, आणि पुढचे दहा दिवस आमच्या घरात कार्ड की कॅश यावर जेवढी चर्चा झाली तेवढी टाइल्सच्या रंगावर पण झाली नाही.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे मी कॅशला का घाबरते ते. २०१८ मध्ये आम्ही स्लायडिंगच्या खिडक्या करायला दिल्या होत्या. फॅब्रिकेटर ओळखीतून आलेला, माणूस गोड बोलायचा, ॲल्युमिनियमचे भाव वाढतायत म्हणून आधी माल उचलतो म्हणाला आणि ३५ हजार कॅश घेऊन गेला. एक खिडकी बसवली. दुसरीची फ्रेम आणून टेकवून ठेवली भिंतीला. आणि मग फोन बंद. पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, पावती आहे का? पावती कुठून असणार, माझ्या डायरीत लिहिलेलं होतं तारीख आणि आकडा, पण ते माझ्याच अक्षरात माझ्याच डायरीत, त्याला काय अर्थ. ती फ्रेम वर्षभर गॅलरीत पडून होती, शेवटी भंगारवाल्याला दिली. भंगारवाल्याने कॅश दिली, अर्थात.

त्यामुळे मला वाटायचं की कार्ड म्हणजे सेफ, काही झालं तर बँक आहे. पण तेही खरं नाही हे २०२१ मध्ये कळलं. ऑनलाइन एक वॉर्डरोब मागवला होता ५४ हजारांचा, कार्डावर. आला तो खालून फुगलेला, प्लाय ओलं झालेलं कुठेतरी गोडाऊनमध्ये. दुकानवाले टोलवाटोलवी करायला लागले म्हणून बँकेकडे डिस्प्यूट टाकला, फॉर्म भरला, फोटो जोडले, आणि बँकेने पैसे तात्पुरते खात्यात जमा पण केले, मी दोन दिवस फार खूश होते. मग दीड महिन्याने ते परत वजा झाले. का, तर समोरच्याने डिलिव्हरीचा पुरावा पाठवला. डिलिव्हरीवाल्या पोराने मोबाईल पुढे केला होता आणि आमच्या साहेबांनी बोटाने सही ठोकली होती, त्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं की माल तपासून चांगल्या स्थितीत मिळाला. पॅकिंग अजून उघडलेलं पण नव्हतं! आता आम्ही असं काही आलं की आधी खोलतो, नाहीतर सही करायच्या जागी "तपासणी बाकी" लिहितो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

म्हणजे हिशोब असा की कॅशमध्ये ३५ हजार गेले आणि कार्डमध्ये ५४ हजार. कार्डवाला अनुभव जास्त महाग पडला, फक्त वॉर्डरोब तरी घरात आहे, खाली विटा लावून.

आता मेहुण्याच्या दुकानातल्या मशीनबद्दल. हे अनेक जणांना ऑफर होतं म्हणून जरा नीट सांगते, कारण नवरा जवळजवळ हो म्हणून बसला होता. समजा मी त्या हार्डवेअरच्या दुकानात अठरा टक्के धरून ४ लाख ४८ हजार ४००, म्हणजे जवळजवळ साडेचार लाख स्वाइप केले. माझ्या स्टेटमेंटवर काय येणार, हार्डवेअरच्या दुकानाचं नाव. बिल कशाचं होणार, हार्डवेअरच्या मालाचं, जो मी घेतलेलाच नाही. उद्या बाथरूम गळलं आणि मी बँकेला म्हटलं की काम झालं नाही, तर बँक विचारणार कुठलं काम? हा तर दुकानदार आहे, याने नळ आणि पाइप विकले असं म्हणतोय. म्हणजे कार्डाने द्यायचं जे एकमेव खरं कारण आहे, की काही फसलं तर भांडायला जागा राहावी, तेच गेलं, आणि वरून दोन टक्के म्हणजे ८,९६८ रुपये त्या जागेचं भाडं भरायचं. शिवाय बँकांना हे असलं दुसऱ्याच्या धंद्यासाठी मशीन वापरणं चालतच नाही. नवऱ्याला मी कागदावर मांडून दाखवलं, तुझे पॉइंट्स एक टक्का धरले तर साडेचार हजार, आणि खर्च नऊ हजार. मग तो जरा गप्प झाला. पूर्ण नाही, जरा.

आणि कार्डाचं अजून एक आहे, जे लोकांना माहीत असतं पण कामाच्या गडबडीत विसरायला होतं. बिल पूर्ण भरलं तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत फुकट मिळतात, खरं आहे. पण घराचं काम हे असं प्रकरण आहे की पन्नास दिवसांनी तुमच्याकडे पैसे जास्त नसतात, कमी असतात! तेव्हा मिनिमम भरून पुढे ढकललं की व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला बेचाळीस, ते पण खरेदीच्या दिवसापासून, आणि त्या व्याजावर परत अठरा टक्के जीएसटी. एक लाख एक महिना राहिले तर ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३०. आणि तोपर्यंत नवीन जे काही घ्याल, दूध भाजी पेट्रोल, त्यालाही फुकटचे दिवस नाहीत. माझ्या ऑफिसातल्या एकीने फ्लॅटचं फर्निचर असं कार्डावर केलं आणि मग ते मिटवायला पर्सनल लोन काढलं. तिचा सोफा मस्त आहे, पण ती त्यावर बसली की मला तिचं व्याज दिसतं.

मग कॅश द्यायची का? बाबा साताऱ्याहून फोनवर म्हणाले, "अगं अडुसष्ट हजार वाचतायत, दे की कॅश." बाबांनी आमचं गावाकडचं घर सगळं कॅशमध्ये बांधलं, एक लाल वही, त्यात वाळू किती ब्रास, सिमेंट किती गोणी, गवंड्याला उचल किती, सगळं. पण बाबा स्वतः तिथे खुर्ची टाकून बसायचे दिवसभर, आणि गवंडी गावातलाच, पळून जाणार कुठे, त्याच्या मुलीच्या लग्नात बाबा जेवलेत. डोंबिवलीत माझ्याकडे ना खुर्ची टाकून बसायला वेळ आहे ना दादांचं गाव मला माहीत आहे.

दुसरं म्हणजे आम्ही दोघं नोकरीवाले, पगार बँकेत येतो, घरात कॅश नसतेच. ३ लाख ८० हजार कॅश द्यायची म्हणजे आधी बँकेतून काढा, आमच्या एटीएम कार्डाला रोजची मर्यादा ४० हजार. आणि कायद्याचं पण आहे, एप्रिल २०१७ पासून एका व्यवहाराचे २ लाख किंवा त्याहून जास्त कॅशमध्ये घेताच येत नाहीत, चार तुकडे केले तरी व्यवहार एकच धरतात, आणि दंड घेणाऱ्याला, जेवढी रक्कम तेवढाच. हे मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम तुम्ही सीए आहात का?" मी म्हटलं नाही. मग म्हणाले, "आजवर कोणी विचारलं नाही." ते पण खरंच असेल.

बाबांच्या त्या ६८ हजारांबद्दल, माझा एक चुलतभाऊ सीएकडे कामाला आहे, त्याने एक वेगळीच गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यातच नव्हती. घर विकताना जो फायदा होतो त्यावर टॅक्स लागतो, आणि तो काढताना घरात सुधारणा करायला घातलेला खर्च वजा करता येतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला हा टॅक्स साडेबारा टक्के आहे, जुन्या घरांना महागाई धरून वीस टक्क्यांचा पण पर्याय ठेवलाय. तर समजा बिल धरून ४ लाख ४८ हजार ४०० खर्च सुधारणा म्हणून मान्य झाला तर साडेबाराने ५६,०५० रुपये टॅक्स वाचतो, पण पक्कं बिल आणि बँकेतून दिलेले पैसे दाखवता आले तरच. अर्थात नुसती डागडुजी यात बसत नाही, गळती थांबवणं ही दुरुस्ती म्हणतील, नवीन ओटा ही सुधारणा म्हणतील, त्यावर वाद होऊ शकतो असंही तो म्हणाला. आणि आम्ही घर विकणार आहोत कधी? देव जाणे. पण एवढं कळलं की बाबा म्हणतात तसे ते ६८ हजार सगळेच्या सगळे काही वाचत नाहीत.

मग मी ठरवलं की चला, अठरा टक्के भरू, बिल घेऊ, झंझट नको. आणि इथे खरी गंमत झाली.

दादांच्या एस्टिमेटच्या लेटरहेडवर जीएसटी नंबर छापलेला होता. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवातीला २७, मग पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकला की कोणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. मी सहज म्हणून टाकला, रात्री जेवण झाल्यावर, टीव्ही बघता बघता. नाव बरोबर आलं. आणि खाली स्टेटस, रद्द. रिटर्न भरले नाहीत तर खातं आपणहून नोंदणी रद्द करतं, तसं झालेलं.

म्हणजे मी जे ६८,४०० सरकारला म्हणून देणार होते ते सरकारकडे जाणारच नव्हते! नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी लावताच येत नाही. मी टीव्ही म्यूट केला, नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला हा तर चोर आहे, दुसरा बघू.

मला तसं वाटलं नाही, का ते सांगते. दुसऱ्या दिवशी मी दादांना सरळ विचारलं. ते आधी जरा गडबडले, मग म्हणाले की लॉकडाऊनमध्ये काम बंद होतं, सीएने रिटर्न भरले नाहीत, मग रद्द झालं, आता वर्षाला वीस लाखांच्या आत काम होतं त्यामुळे परत काढला नाही, लेटरहेड जुनेच छापलेले आहेत हजार. वीस लाखांच्या आत उलाढाल असली तर सेवा देणाऱ्याला आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही, हे बरोबर आहे. मी विचारलं, मग अठरा टक्के कसले? ते खाली बघून म्हणाले, "मॅडम, आम्ही तो आकडा सांगतो ना, तो बिल मागू नये म्हणून सांगतो."

हे ऐकून मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. म्हणजे आम्ही दहा दिवस ज्या आकड्यावर घरात भांडत होतो तो आकडाच बुजगावणं होता. ज्यांनी ज्यांनी घाबरून कॅश दिली असेल त्यांनी पण काही वाचवलं नाही आणि ज्यांनी प्रामाणिकपणे अठरा टक्के भरले असतील, त्यांचं तर बोलायलाच नको. तर हे एक करा, एस्टिमेट आलं की आधी तो नंबर टाकून बघा, कार्ड की कॅश ते नंतर.

काम मात्र त्यांनाच दिलं, कारण त्यांनी केलेलं काम मी बघितलं होतं आणि तोंडावर खरं बोलणारा माणूस तसा मिळत नाही. पण पद्धत बदलली. मटेरियल मी घेणार, ते फक्त लेबर. यावर ते खूश नव्हते, मटेरियलमध्ये त्यांचं सुटतं, ते उघड आहे, मग लेबरचा रेट एक तीसवरून एक पंचावन्नला गेला. ठीक आहे, निदान काय कशाचे ते दिसतंय.

टाइल्स, ॲडहेसिव्ह, नळ, शॉवर, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, ओट्याचा ग्रॅनाइट, हे सगळं मिळून १ लाख ९६ हजार, यातलं बहुतेक कार्डावर, पक्क्या बिलाने. टाइल्स ९२,४०० च्या होत्या, दुकानदार म्हणाला क्रेडिट कार्डाला दोन टक्के, म्हणजे १,८४८. मी म्हटलं मग ॲडहेसिव्ह दुसरीकडून घेते. दोन टक्के गेले. (नवरा खूश, पॉइंट्स मिळाले. त्याने त्याचा गोव्याच्या तिकिटाचा हिशोब परत काढला.) बिलावर मी एक ओळ लिहून घेतली, न फोडलेले बॉक्स परत घेतले जातील, आणि टाइलचा शेड नंबर आणि बॅच नंबर. हा बॅच नंबर महत्त्वाचा आहे, नंतर दोन बॉक्स कमी पडले तर दुसऱ्या बॅचचा रंग किंचित वेगळा येतो आणि मग आयुष्यभर कमोडवर बसून तो फरक बघत राहायचं. आमचे चार बॉक्स उरले, परत दिले, पैसे कार्डावर परत आले. इथे कार्डापेक्षा ती एक ओळ कामाला आली, कॅश दिली असती तरी त्या ओळीवर पैसे मिळाले असते.

दादांचे १ लाख ५५ हजार बँकेतून, त्यांच्याच नावाच्या खात्यात. हे मुद्दाम सांगते कारण मधेच ते म्हणाले की या वेळचे माझ्या वाइफच्या नंबरवर टाका, नंतर एकदा मेहुण्याच्या. मी नाही म्हटलं, ज्याच्या नावाने कागद त्याच्याच खात्यात. नवऱ्याने एकदा हळूच कार्ड यूपीआयला जोडून त्यांचा क्यूआर स्कॅन करून बघितला, गेलं नाही, रुपे क्रेडिट कार्ड दुकानाच्या क्यूआरवर चालतं, माणसाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. बरं झालं.

हप्ते असे पाडले. टोकन १५ हजार. तोडफोड आणि पाइप झाले की ३५. वॉटरप्रूफिंग होऊन पाणी साठवून टेस्ट झाली की ४०. टाइल्स लागल्या की ३०. ओटा, नळ वगैरे झाले की २०. आणि शेवटचे १५ हजार दोन महिन्यांनी. शेवटच्या ओळीवर दादा म्हणाले, "मॅडम, विश्वास नाही का?" मी गॅलरीतल्या फ्रेमची गोष्ट सांगितली. त्यांनी सही केली.

यातली पाण्याची टेस्ट, काय सांगू, तिच्यासाठी तरी हप्ते पाडा. बाथरूममध्ये ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं तोंड, बंद करून पाणी भरून ठेवायचं, आम्ही ४८ तास ठेवलं. काकू खाली टॉर्च घेऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन, आलं गं आलं, थेंब आला. नहाणी ट्रॅपच्या बाजूने येत होतं. तेव्हा वर टाइल्स नव्हत्या म्हणून अर्ध्या दिवसात परत कोटिंग करून झालं, आणि दादा तातडीने आले कारण ४० हजार अडकले होते. मी त्यांना काही बोलले नाही, त्यांनीही काही विचारलं नाही.

आता कॅश. कॅश पूर्ण टाळता आली का, अजिबात नाही. मलबा न्यायला टेम्पो, तीन फेऱ्या. टाइल्स वर चढवायला हमाल, कारण सोसायटीची लिफ्ट मालासाठी बंद. जुना इलेक्ट्रिशियन. असे २१ हजार कॅश गेली आणि त्याचं कुठलंही बिल नाही. आणि खर्ची.

खर्ची म्हणजे शनिवारी माणसांना आठवड्याच्या खर्चाला जे पैसे मिळतात ते, खरं तर हे कॉन्ट्रॅक्टरने द्यायचं. तिसऱ्या शनिवारी दादा गावाला लग्नाला आणि फोन लागत नाही. संध्याकाळी सहाला चौघं दाराशी हातपाय धुऊन उभे, काही बोलत नाहीत, नुसते उभे. मला घरमालक म्हणून म्हणता आलं असतं की माझा व्यवहार दादांशी आहे, आणि ते कागदाने बरोबर पण होतं. पण उद्या रविवार, त्यांना बाजार करायचा आहे, गॅस भरायचा आहे. त्यांच्यातला गवंडी नांदेडकडचा, तो म्हणाला, "ताई, माझ्या हातात नका देऊ, बायकोच्या नंबरवर टाका, ती तिकडं काढती. माझ्याकडं राहिले की कुणीतरी उसने मागतंय." त्याला २ हजार यूपीआयने टाकले. बाकी तिघांचे मिळून नवऱ्याने हेडमिस्त्रीच्या हातात कॅश दिली, ४ हजार. म्हणजे नवरा म्हणतो ४ हजार. सोमवारी दादा आले, हिशोब झाला, तर हेडमिस्त्री म्हणतो ३ मिळाले. नवरा म्हणतो पाचशेच्या आठ नोटा मोजून दिल्या. तो म्हणतो सहा होत्या. दोघंही खरं बोलत होते असं माझं आजही मत आहे, पाकिटातून घाईत काढलेल्या नोटा त्या. दादांनी त्यांच्या पैशातून ५ हजारच वजा धरले, हजार आमचे गेले. यूपीआयच्या २ हजारांवर मात्र कोणी एक शब्द बोललं नाही.

त्यानंतर मी नियम केला, कोणालाही काही द्यायचं तर आधी दादांना व्हॉट्सॲप, त्यांचा "ओके" आला की मगच. आणि कॅश दिली की वहीत सही. हो, बाबांसारखी वही आणली. लाल मिळाली नाही, निळी आहे.

एकूण खर्च झाला ३ लाख ८६ हजार, कारण भिंतीच्या आतला एक जुना पाइप गंजलेला निघाला, त्याचे १४ हजार वेगळे. म्हणजे दादांच्या कॅशच्या रेटपेक्षा ६ हजारच जास्त, आणि जवळजवळ ३ लाख ६५ हजारांचा काहीतरी कागद हातात आहे. उद्या काही झालंच तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण तिथे आधी बघतात की तुम्ही पैसे किती दिले आणि कशावरून. निळी वही तिथे चालेल की नाही माहीत नाही, सह्या तर आहेत.

ते शेवटचे १५ हजार. दीड महिन्याने दारामागची एक टाइल वाजवली तर पोकळ आवाज, मग दुसरी पण. फोन केला, दादा दोन दिवसांत माणूस घेऊन आले, काढून बसवून गेले, चहा प्यायले. दोन महिने भरले त्या दिवशी सकाळी त्यांचाच मेसेज, "मॅडम आज तारीख." टाकले लगेच. त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली, "नवीन लेटरहेड छापले."

आता काकूंच्या स्लॅबला रंग लावून द्यायचा आमच्यावर होता. रंगारी बघून म्हणाला ९ हजार, कॅश. काकूंनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी आत जाऊन वही घेऊन आले. अर्धे आधी, अर्धे झाल्यावर. रंगाऱ्याने सही करताना मागची पानं चाळली आणि विचारलं, "ताई, हे हजार रुपये वाद म्हणून लिहिलंय ते काय आहे?"